३६८ की ७३६? कॉलेजातल्या शिकवण्याचं मूल्यमापन नेमकं कशाचं करायचं?

खारपाणपट्टा | सोमवार, रात्री ९:४०

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवतो. अमरावती विद्यापीठाशी संलग्न. चौदावं वर्ष चालू आहे. गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. लांब आहे, पण वाचा आणि आपापल्या कॉलेजातलं लिहा.

आमच्याकडे ईडीटीए या रसायनाच्या द्रावणाने पाण्याची दुष्फेनता, म्हणजे जडपणा, काढायचं प्रात्यक्षिक असतं. दरवर्षी नमुना ५० मिली घ्यायला लावतो. यंदा ईडीटीए पुरणार नाही असं दिसलं, म्हणून सांगितलं, २५ मिलीच घ्या. पाणीही नळाचं नको, गावाकडून आणा म्हटलं. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आमचा, विहिरींचं पाणी जिभेवर ठेवलं तरी कळतं. एका मुलीने घरच्या विहिरीचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलं होतं, तेच सगळ्या गटांना वाटून दिलं.

बफर टाकलं, ईबीटी या रंगदर्शकाची चिमूट टाकली, पाणी लालभडक झालं. थेंब थेंब ईडीटीए सोडत गेले आणि १८.४ मिलीला निळं झालं. सगळ्या गटांचं रीडिंग जवळपास तेच. पोरांचा हात छान बसलाय म्हणून मी खूश होतो. मग जर्नल तपासायला घेतली. बहुतेकांचं उत्तर ३६८ मिलीग्रॅम प्रति लिटर.

०.०१ मोलार ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. नमुना ५० मिली असेल तर रीडिंग गुणिले २०, आणि २५ असेल तर गुणिले ४०. उत्तर ७३६ यायला हवं होतं. पोरांनी मागच्या बॅचच्या जर्नलातला २० तसाच उचलला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता २०० पर्यंत हवी, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे चुकीच्या उत्तराने ते पाणी पास झालं होतं आणि बरोबर उत्तराने नापास होत होतं.

मी अजून फळ्यावर काही लिहिलंही नव्हतं. जिने पाणी आणलं ती मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, ३६८ कसं येईल? आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. आई डाळीपुरतं टाकीचं पाणी वेगळं ठेवते."

ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. मागच्या सत्रात माझ्याच पेपरात तिचा बॅक राहिला होता.

त्या दिवशी घरी जायच्या आधी मी आमची फाइल काढून बसलो. कोर्स आउटकम, म्हणजे शिकून मुलांना काय यायला हवं ते, लिहिलंय, ‘विद्यार्थी पाण्याच्या नमुन्याची दुष्फेनता निश्चित करू शकेल.’ साध्यता पातळी तीनपैकी तीन, सलग तीन वर्षं, खाली माझी सही. ही साध्यता कशी निघते ते सांगतो. ठरावीक टक्क्यांच्या वर गुण मिळवणारी मुलं किती ते मोजायचं आणि तक्त्यात भरायचं. गुण कशाला? सूत्र लिहिलं, तक्ता आखला, गुणाकार केला, जर्नल पूर्ण आहे. नमुना दरवर्षी ५० मिली, म्हणून २० हा आकडा दरवर्षी बरोबर. तो कुठून आला हे मी चौदा वर्षांत एकाही पोराला विचारलं नव्हतं.

प्रशिक्षणाचंही तेच. ओरिएंटेशन केलं, दोन रिफ्रेशर केले, नव्या धोरणावरचा ऑनलाइन कोर्स केला. चांगली व्याख्यानं ऐकली, ते नाकारत नाही. पण ‘तुमची स्वतःची प्रश्नपत्रिका घेऊन या, ती इथे उलगडून बघू’ असं एकाही ठिकाणी कुणी म्हटलं नाही.

माझा प्रश्न एवढाच. मूल्यमापनातून जे कळलं ते परत वर्गात पोचलं आणि शिकवणं बदललं, असं तुमच्याकडे कुठे झालंय का? झालं असेल तर कसं?

---

आर्णी_रोड | सोमवार, रात्री १०:२५

नमस्कार सर. मी असल्याच एका कॉलेजातून बी.एस्सी. केमिस्ट्री झालो. आता यवतमाळ जिल्ह्यात माहं कृषी सेवा केंद्र हाये. आपल्या बोलीतच लिहितो, मनातलं तसंच निंगते.

तुमचं १८.४ वाचून मले माहे दिवस आठोले. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारनीतून इषबाधा झाली, मानसं गेली, ते साऱ्या महाराष्ट्राले ठाऊक हाये. मी तवा काउंटरवर नवाच होतो. एक जन आला अन् इचारलं, "डब्यावर एकराचं माप लिवलं हाये, मंग माह्या पंधरा लिटरच्या पंपात किती टाकू?" सोपं गनित हाये. एकराले किती पंप लागतात ते इचाराचं अन् भागाचं. पन मी अडकलो. मोलॅरिटी येत होती, नॉर्मॅलिटी येत होती, डिस्टिंक्शन होतं. समोर मानूस उभा, हातात डबा, अन् मले सुचेना.

डब्यावरचा तिकोन लाल असला तं सगळ्यात जहाल, मंग पिवळा, मंग निळा, मंग हिरवा. हे मी दुकानात बसल्यावर शिकलो. तीन वर्षांत एखाद्या सरनं एक रिकामा डबा वर्गात आनून इचारलं असतं का सांगा रे ह्याचा हिशेब, तं बस होतं.

कॉलेज सोडल्यावर माजी विद्यार्थ्याचा फॉर्म भरून घेतला माह्याकडून. त्यात होतं, ग्रंथालय कसं वाटलं, पिन्याच्या पान्याची सोय कशी होती. दुकानात काय अडलं ते इचारलं असतं तं मी दोन पानं लिहून देल्ली असती.

---

वर्धेकाठ | सोमवार, रात्री ११:०२

+१. वरचा प्रतिसाद छापून आमच्या स्टाफरूममध्ये लावणार आहे. परवानगी द्या दादा.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:५०

धागा वाचून बरं वाटलं. मी ३४ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सहा प्राचार्य होतो.

प्रशिक्षणाबद्दल थोडं जुनं सांगतो. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. प्राध्यापकाला विषय येतो, पण शिकवायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं, हे तेव्हा उघडपणे मान्य केलं गेलं. शाळेच्या शिक्षकाला डी.एड. किंवा बी.एड. लागतं, आपल्याला नेट-सेट पुरते. २०१५ मध्ये त्या केंद्रांचं नाव बदलून मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि २०२३ पासून शिक्षक प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली ती चालतात. पाटी बदलली तरी एक गाठ कायम राहिली. कोर्सचं प्रमाणपत्र पदोन्नतीला लागतं. म्हणून माणूस पदोन्नतीच्या वर्षी जातो, अडचण आली त्या वर्षी जात नाही. माझ्या हाताखालची किती तरी माणसं मी अशी पाठवली.

मी स्वतः नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गेलो होतो. चार आठवडे नागपूरला राहिलो. बाकीचं फारसं आठवत नाही, एक दुपार मात्र लख्ख आठवते. दहा मिनिटं शिकवायचं होतं आणि समोर इतर विषयांचे प्राध्यापक बसलेले. मी मागणीची लवचीकता शिकवली. माझ्या मते उत्तम शिकवली. संपल्यावर अकोल्याच्या एक वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही सहा वेळा ‘समजलं ना?’ विचारलंत आणि एकदाही उत्तराची वाट पाहिली नाहीत." त्यांनी वहीत रेघा मारून मोजलं होतं.

परत आल्यावर मी प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा अंक मोजायला लागलो. पहिल्या आठवड्यात ती शांतता अंगावर यायची. मग पोरं बोलायला लागली. इतकी वर्षं शिकवलं, पण त्या एका दुपारीइतकं मला कशानेच बदललं नाही.

प्राचार्य झाल्यावर मी दर सत्रात प्रत्येकाने दुसऱ्याचा एक तास मागच्या बाकावर बसून बघायचा असं ठरवलं. पहिल्या वर्षी फार विरोध झाला, ‘आमची तपासणी लावली’ म्हणून. चूक माझी होती. मी त्याचा छापील फॉर्म केला आणि तो कार्यालयात जमा करायला लावला. दुसऱ्या वर्षी फॉर्म काढून टाकला. तास संपल्यावर दोघांनी चहा घ्यायचा, बोलायचं, बाहेर काही जाणार नाही. मग लोक बसायला लागले.

---

सातवा_निकष | मंगळवार, सकाळी ११:१५

मी एका कॉलेजात गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक आहे. फाइलवर सगळ्यांचा राग दिसतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी नॅक १९९४ साली आली. त्याआधी खेड्यातल्या कॉलेजात ग्रंथालय आहे की नाही हे बघायलाही बाहेरचं कुणी फारसं फिरकत नसे. सात निकष होते, श्रेणी साधारण पाच वर्षं चालायची, दरवर्षी अहवाल द्यावा लागायचा. त्या धाकाने आमच्याकडे मुलींसाठी स्वच्छतागृह झालं, प्रयोगशाळेत फ्युम हूड बसला, वेळापत्रक भिंतीवर लागलं. मला ही कामं छोटी वाटत नाहीत.

निवृत्त_मास्तर सर, तुमचा चहाचा मार्ग मनाला पटतो. पण सर निवृत्त झाले की तो चहा बंद होतो. कागद मागे राहतो. कुणी बदलून आलं तर त्याला आधी काय झालं ते कळतं.

आता कागदातून मला काय सापडलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी सगळ्या विषयांचे अंतर्गत गुण आणि विद्यापीठ परीक्षेचे गुण शेजारी-शेजारी मांडले. अंतर्गत गुण जवळपास सगळ्यांना पैकीच्या पैकी किंवा एखाद-दोन कमी. विद्यापीठाच्या पेपरात तीच मुलं काठावर. एका विषयात मात्र फरक जवळपास नव्हता. त्या मॅडमकडे गेलो. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. चाचणीच्या उत्तरपत्रिका, लाल शाईने शेरे मारलेल्या, आणि त्याच मुलांनी चुका दुरुस्त करून पुन्हा लिहिलेली पानं मागे टाचलेली. दुरुस्ती केल्याशिवाय त्या अंतर्गत गुण भरतच नव्हत्या. बाकी आम्ही सगळे चाचणी घेत होतो, गुण भरत होतो आणि गठ्ठा बांधून ठेवत होतो. समिती आली की दाखवायला.

खारपाणपट्टा सर, ३६८ ची गोष्ट फाइलमध्ये लिहा. कार्यवाही अहवालाचा रकाना त्यासाठीच आहे. आम्ही तिथे दरवर्षी ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यात आले’ एवढं लिहितो.

---

सकाळची_बस | मंगळवार, रात्री ८:३०

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सेट झालोय, पीएच.डी. चालू आहे. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या. दोन्ही कॉलेजांत मिळून पाच वेगवेगळे पेपर.

वर सगळे ‘शिक्षक’ म्हणताय, त्यात मी येतो का हे कळलं नाही. कायम जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे कित्येक विभागांत शिकवण्याचा मोठा भार आमच्यावरच असतो. प्रशिक्षणाला नाव पाठवायची वेळ आली की कायम माणसांची नावं जातात, कारण पदोन्नती त्यांचीच. मी स्वखुशीने गेलो तर तेवढे तास बुडतात आणि तासांचेच पैसे असतात.

मागच्या वर्षी विद्यार्थ्यांनी भरलेल्या अभिप्रायात माझ्या एका पेपरला कमी गुण आले. ते मला सत्र संपल्यावर चार महिन्यांनी कळलं, तेही पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही यावर बोलणं चाललं होतं तेव्हा. मुलांनी काय लिहिलं होतं ते मी मागितलं. ‘गोपनीय आहे’ म्हणाले. पोरांचं नाव गोपनीय ठेवा, हे बरोबरच आहे. पण सर फार भराभर शिकवतात की आवाज मागे पोचत नाही, एवढं तरी मला सांगा ना. मला सुधारायचंय. दुपारच्या कॉलेजात पोचायला बस गाठायची असते, म्हणून सकाळचा तास मी घाईने उरकत असेन. तसं असेल तर मला ते कळायला हवं.

आता मी माझ्यापुरतं एक करतो. महिन्यातून एकदा तासाच्या शेवटी वहीचं पान फाडून पोरांना वाटतो. नाव नाही लिहायचं. दोन ओळी, आज काय कळलं आणि काय अजिबात कळलं नाही. बसमध्ये वाचतो. पन्नास चिठ्ठ्या वाचायला एक थांबा पुरतो. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्यातल्या सगळ्यात जास्त आलेल्या शंकेला देतो. पहिल्या वेळी निम्म्यांनी ‘सगळं कळलं’ लिहिलं. तिसऱ्या वेळी पोरं खरं लिहायला लागली.

---

खारपाणपट्टा | मंगळवार, रात्री ९:१०

सकाळची_बस सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या विभागातही दोघे तासिकेवर आहेत. बॅचच्या जर्नलातला तो २० वर्षानुवर्षं चालत आला, त्यात त्यांचाही वर्ग होता आणि मी त्यांना कधी सोबत घेऊन बसलो नाही. उद्याच बसतो.

---

इंद्रावती | बुधवार, दुपारी ३:२०

मी गडचिरोली जिल्ह्यात इतिहास शिकवते, गोंडवाना विद्यापीठ. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात. मराठी त्यांना शाळेत भेटली. आम्ही पेपर मराठीत घेतो आणि मग म्हणतो, मुलांना विषय येत नाही.

एका चाचणीत मी जंगल कायद्यांवर प्रश्न दिला होता. एका मुलाने दहापैकी चार गुणांचं उत्तर लिहिलं, तेही पुस्तकातली वाक्यं तुटक-तुटक. पुढे सहज वर्गात मेंढा-लेखाचा विषय निघाला. वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, एवढं मी सांगत होते. हा मुलगा उभा राहिला आणि त्याच्या गावची ग्रामसभा बांबू कसा मोजते, लिलाव कसा ठरतो, आधी वनखातं काय करायचं, आजोबांना काय सोसावं लागलं, हे पंधरा मिनिटं बोलला. अर्धं मराठीत, अर्धं माडियात, शेजारचा मित्र सांगत होता. कारण, परिणाम, पुरावा, तिन्ही गोष्टी त्यात होत्या. माझ्या पेपरने हे मोजलंच नव्हतं. मी त्याचं मराठी मोजलं होतं आणि त्याला इतिहासाचे गुण म्हटलं होतं.

तेव्हापासून चाचणीआधी प्रत्येकाशी पाच मिनिटं तोंडी बोलते. चार गोष्टी बघते: घटना बरोबर सांगतो का, कारण देतो का, ‘हे तुला कसं माहीत?’ याला उत्तर आहे का, आणि दुसरी बाजू मांडतो का. प्रत्येकाला शून्य ते तीन. हा तक्ता मुलांना आधीच दिलेला असतो, फळ्यावरच लिहिते. मग त्याने जे बोललं तेच लिहायचं. लेखन सुधारतं, कारण काय लिहायचं ते आता डोक्यात असतं.

वेळ लागतो, खोटं सांगणार नाही. ६० मुलांना पाच मिनिटं म्हणजे पाच तास. दोन आठवड्यांत पसरवते.

नव्या धोरणात २०२४ पासून संलग्न कॉलेजांतही फील्ड प्रोजेक्ट आला. मोठी संधी आहे. पण तपासायचं कसं हे आम्हाला कुणी दाखवलं नाही, त्यामुळे स्पायरल बाइंडिंगचे ढीग येतात, पाच प्रोजेक्ट एकाच मोबाइलवरून उतरवलेले. मी आता फक्त एक विचारते, "कुणाशी बोललास, आणि त्याने सांगितलेली कुठली गोष्ट तुला आधी माहीत नव्हती?" जो गेला नसेल तो तिथेच थांबतो.

---

सातवा_निकष | बुधवार, सायंकाळी ६:०५

मॅडम, तुमचा चार गोष्टींचा तक्ता इथे टाकाल का? कोर्स आउटकमला मी हाच जोडतो, नवीन काही बनवायची गरजच नाही. आणि सकाळची_बस सर, अभिप्राय संबंधित शिक्षकाला नावं काढून आठ दिवसांत द्यायचा, असा ठराव पुढच्या बैठकीत मी मांडतोय. तासिकेवरच्यांनाही.

---

इंद्रावती | बुधवार, रात्री ७:४०

टाकते. सध्या वहीत आहे, फोटो काढून चालेल ना?

---

खारपाणपट्टा | पुढच्या महिन्यातला शनिवार, रात्री ९:२०

धागा वर आणतोय, थोडं सांगायचं होतं.

विभागातले आम्ही पाच जण, तासिकेवरचे दोघे धरून, तीन दुपारी बसलो. प्रत्येकाने आपली जुनी प्रात्यक्षिकाची प्रश्नपत्रिका आणली आणि दुसऱ्याने ती सोडवली. पाठ केलेल्या जर्नलावर कुठला प्रश्न सुटतो त्यावर खूण केली. खुणा इतक्या झाल्या की शेवटी खूण नसलेले प्रश्नच मोजले. ते प्रशिक्षण आम्हाला कुणी दिलं नाही आणि त्याचं प्रमाणपत्रही नाही, पण मला चौदा वर्षांत मिळालेलं ते सगळ्यात कामाचं प्रशिक्षण होतं. निवृत्त_मास्तर सरांचं ऐकून आमच्या तासिकेवरच्या मॅडम माझ्या तासाला मागे बसल्या. मी फळ्याकडे तोंड करून बोलतो म्हणाल्या. खरं आहे.

दुष्फेनतेचं प्रात्यक्षिक पुन्हा घेतलं. या वेळी एका गटाला २० मिली, एकाला २५, एकाला ५० दिलं, पाणी तेच. सूत्र लिहायला मनाई. आधी सांगा, कुणाचं रीडिंग जास्त येईल आणि उत्तर कुणाचं जास्त येईल? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना आलं. दुसऱ्यावर वर्गात जुंपली. निम्मे म्हणे ५० मिलीवाल्यांचं जास्त. मग ब्युरेट लावली, तिन्ही आकडे फळ्यावर आले आणि तिन्ही गटांचं उत्तर ७३० ते ७४० च्या मध्ये. २०, ४०, ५० हे गुणक पोरांनी स्वतः काढले. जे चुकले त्यांनी कुठे चुकलो ते खाली लिहिलं, आणि गुण त्या लिहिण्यालाही ठेवले. अकरा जणांचं अजून चुकतंय. त्यांना प्रमाण म्हणजे काय तिथपासून घ्यावं लागेल, सोमवारपासून सकाळी अर्धा तास लवकर बोलावलंय.

आर्णी_रोड दादा, रिकामा धुतलेला डबा चालणार नाही, धोक्याचं आहे. लेबलचे फोटो पाठवा, मोठे छापून घेतो. पुढच्या चाचणीत पंधरा लिटरच्या पंपाचा प्रश्न असेल.

आणि ती मुलगी. आमचं रीडिंग शिकण्यापुरतं आहे, त्यावरून गावाला काही सांगू नको, नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा लागेल, असं मी तिला सांगितलं. तिने ग्रामसेवकांकडून पत्र घेतलं आणि स्वतः जाऊन नमुना देऊन आली. काल दोन बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत उभी होती. एक शाळेच्या हातपंपाची आणि एक शेजारच्या गावच्या विहिरीची. "सर, याचं करू का?" म्हणाली. ईडीटीए संपलंय. मागणीपत्र आज दिलं.